बर्फ पडला, बंदूक घरी ठेवा : नॉर्थ कॅरोलायनातल्या किंग गावचं प्रकरण

५ फेब्रुवारी २०१०, शुक्रवार. अमेरिकेच्या पूर्व भागाला त्या आठवड्याअखेर बर्फाच्या मोठ्या वादळानं झोडपलं. वॉशिंग्टनच्या बातम्या जगभर गेल्या. त्याच वादळाच्या कडेला नॉर्थ कॅरोलायना राज्यात, विन्स्टन-सेलम शहराच्या उत्तरेला किंग नावाचं एक छोटं गाव आहे. तेव्हाची वस्ती सात हजारांच्या आसपास. गावानं आणीबाणी जाहीर केली आणि गाव ज्या स्टोक्स काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) येतं तिनंही केली. इथवर नवल काहीच नाही. रस्ते निसरडे झाले की लोकांनी घरात बसावं, दुकानं लवकर बंद व्हावीत, हे कुठल्याही नगरपालिकेला सांगावंच लागतं.

पण जाहीरनाम्यात आणखी दोन गोष्टी होत्या. दारूवर निर्बंध, आणि स्वतःच्या जागेबाहेर बंदूक वा काडतुसं बाळगायला मनाई. घराच्या चार भिंतींत ठेवा, अंगणात ठेवा. फाटक ओलांडलं की गुन्हा.

दारूचं एक वेळ समजू शकतं. झिंगलेला माणूस बर्फात गाडी घेऊन निघाला तर रुग्णवाहिकेचं काम वाढतं. पण बंदुकीनं बर्फाचं काय बिघडवलं होतं? गावात दंगल नव्हती, लुटालूट नव्हती. मग हे कलम आलं कुठून?

ते आलं १९६९ सालातून.

आधी त्या राज्यात बंदुकीचं रोजचं स्थान काय आहे ते पाहू, कारण आपल्या सवयीनं पाहिलं तर या प्रकरणातली ठिणगीच दिसत नाही. आपल्याकडे शस्त्र परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि परवाना असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नॉर्थ कॅरोलायनात कमरेला दिसेल असं पिस्तूल लावून हिंडायला परवाना लागत नाही. लपवून बाळगायचं असेल तरच परवाना, आणि त्याचा कायदाही १९९५ मधला. उघड बाळगण्याची मुभा मात्र जुनी. १८४३ मध्ये हंटली नावाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं होतं की कामासाठी असो वा करमणुकीसाठी, कायदेशीर हेतूनं बंदूक घेऊन फिरायला नागरिक मोकळा आहे. गुन्हा होतो तो लोकांना दहशत बसेल अशा रीतीनं सशस्त्र फिरण्यात. म्हणजे शस्त्र दिसणं हा गुन्हा नाही, त्याचा धाक घालणं हा गुन्हा. या राज्यातल्या खेड्यातल्या माणसाच्या पिकअपमध्ये मागच्या खिडकीला अडकवलेली रायफल ही आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हातातल्या कोयत्याइतकी साधी बाब आहे.

आता १९६९. त्याच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती आणि अमेरिकेतल्या अनेक शहरांप्रमाणे नॉर्थ कॅरोलायनातल्या शहरांतही आगी लागल्या, नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या तुकड्या रस्त्यावर उतरल्या. (गावाचं नाव किंग असण्याशी याचा काही संबंध नाही, योगायोग आहे इतकंच.) १९६९ च्या मे महिन्यात ग्रीन्सबरो इथं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कॉलेजच्या आवारात गार्ड घुसली, एक विद्यार्थी गोळीनं मेला. अशा वर्षात विधिमंडळानं दंगली, नागरी अशांतता आणि आणीबाणी यांसाठी फौजदारी कायद्यात एक नवं प्रकरण घातलं. त्यात नगरपालिका, काउंटी आणि गव्हर्नर (निवडून आलेला राज्याचा प्रमुख, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) या तिघांनाही अधिकार दिले: संचारबंदी, दुकानं बंद, दारूबंदी, धोकादायक शस्त्रांवर बंदी.

इतक्यावर थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्याच प्रकरणात कलम १४-२८८.७ होतं. त्याचा अर्थ असा की जिथं आणीबाणी जाहीर झाली आहे त्या हद्दीत स्वतःच्या जागेबाहेर धोकादायक शस्त्र नेणं किंवा बाळगणं हा गुन्हा. नगराध्यक्षानं तसं म्हटलं असो वा नसो. आणीबाणी हा शब्द उच्चारला की बंदी आपोआप चालू. पोलीस आणि सैनिक यांना सूट. परवानाधारकाला नाही, शिकाऱ्याला नाही, दुकान बंद करून गल्ल्यातली रक्कम घरी नेणाऱ्या दुकानदारालाही नाही.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे, आणि त्यावरच्या गदारोळात तो बऱ्याचदा हरवतो. बंदूकवाल्यांनी म्हटलं, सरकार आमची शस्त्रं काढून घ्यायला टपलंय. दुसऱ्या बाजूनं म्हटलं, सुरक्षेसाठी दोन दिवस बंदूक घरी ठेवली तर काय बिघडलं. दोघांनीही असं गृहीत धरलं की कुणीतरी बसून, विचार करून बंदी घातली. किंगमध्ये बर्फ मोजणाऱ्या माणसांना बंदुकीचा विचार करायची गरजच नव्हती; एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या विधिमंडळानं तो करून ठेवला होता, आणि तोही पेटलेल्या रस्त्यांकडे पाहून.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली निघणारे मनाई आदेश आठवा. सण असो, निवडणूक असो, मोर्चा असो, परीक्षा असो, वर्तमानपत्रात कोपऱ्यातली चौकट तीच: तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या बाळगणं, दगड जमा करणं, प्रतिमांचं प्रदर्शन, घोषणा देणं, वाद्यं वाजवणं यांना मनाई. तारीख बदलते, मजकूर तोच. शेतकऱ्याच्या हातात काठी असते म्हणून त्याला कुणी धरत नाही, पण कागदावर तीही त्या यादीत आहे. फरक एवढाच की आपल्याकडे अधिकाऱ्याला निदान आदेश काढावा लागतो, आणि त्याला मुदत असते.

किंग प्रकरणाआधी हा कायदा एकदा वरच्या न्यायालयात तपासला गेला होता आणि टिकला होता. ती कथा तशी त्याच राज्याच्या पश्चिम टोकाची, ॲशव्हिल शहराची. २९ सप्टेंबर १९६९ रोजी तिथल्या हायस्कूलमधल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी शाळेबाहेर पडून निदर्शनं केली, पोलिसांशी झटापट झाली. महापौरांनी आणीबाणी जाहीर केली, रात्रीची संचारबंदी लावली आणि शस्त्रं जागेबाहेर नेण्यावर बंदी घातली. संचारबंदीच्या वेळात पोलिसांनी एक मोटार अडवली. त्यात शस्त्रं निघाली. आरोपींनी न्यायालयात म्हटलं की मुळात महापौरांचं फर्मानच घटनाबाह्य आहे, म्हणून पुढचं सगळं बाद करा. १९७१ मध्ये चॉक खटल्यात चौथ्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयानं ते मानलं नाही. आणीबाणीचे अधिकार वापरायचे म्हटलं की एरवी घटनेनं जपलेल्या काही गोष्टींवर मर्यादा येणारच, असं न्यायालयाचं म्हणणं. पाहायचं ते दोनच: महापौरांनी हे प्रामाणिकपणे केलं का, आणि शांतता राखायला हे निर्बंध गरजेचे आहेत असं वाटायला त्यांच्यापाशी काही वस्तुस्थितीचा आधार होता का.

ही कसोटी किंगच्या बर्फाला लावून पाहा. प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण ‘वस्तुस्थितीचा आधार’? बर्फामुळे गोळीबार वाढतो असं कुणीच म्हटलं नव्हतं. म्हणजे जुन्या, सरकारला झुकतं माप देणाऱ्या कसोटीवरही किंगची बंदी लंगडीच ठरली असती. ते पुरेसं होतं, असं मला वाटतं. पण काळ बदलला होता आणि खटला वेगळ्याच मैदानावर लढला गेला.

१९७१ मध्ये घटनेची दुसरी दुरुस्ती व्यक्तीला शस्त्राचा हक्क देते असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलेलंच नव्हतं. ते म्हटलं २००८ मध्ये, हेलर निकालात, पाच विरुद्ध चार मतांनी. पण हेलर होतं राजधानीच्या शहरापुरतं, केंद्राच्या अखत्यारीतलं. राज्यांना आणि गावांनाही हाच हक्क बांधील आहे हे ठरलं २८ जून २०१० रोजी, शिकागोच्या मॅकडॉनल्ड खटल्यात. त्याच दिवशी, सोमवारी, नॉर्थ कॅरोलायनातल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या न्यायालयात किंगच्या बर्फावरून दावा दाखल झाला. वादी तयारी करून दबा धरून बसलेले होते हे उघड आहे. वकील ॲलन ग्युरा. हेलर आणि मॅकडॉनल्ड हे दोन्ही खटले सर्वोच्च न्यायालयात लढवलेला माणूस. वादींमध्ये त्या राज्यातले काही रहिवासी आणि त्यांच्याबरोबर सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन व ग्रास रूट्स नॉर्थ कॅरोलायना या दोन संघटना. प्रतिवादी गव्हर्नर बेव्हर्ली पर्ड्यू, राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याचे सचिव, स्टोक्स काउंटी आणि किंग शहर. वादींचं गाऱ्हाणं अटकेचं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की आणीबाणीतच आम्हाला स्वसंरक्षणाची गरज जास्त, आणि नेमकं तेव्हाच आम्ही शस्त्र घेऊन बाहेर पडलो तर गुन्हेगार ठरतो. शिकारीलाही जाता येत नाही.

या राज्यात वादळं काही कमी येत नाहीत. दावा दाखल होऊन दोन महिने झाले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्ल नावाचं चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकलं. गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केली आणि तोच प्रश्न किंगपुरता न राहता मोठ्या मुलखासाठी उभा राहिला. त्यात होल्यांच्या शिकारीचा हंगाम त्याच आठवड्याअखेर सुरू होत होता. राजकारणात याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. घटनेतल्या कलमाचा कीस काढणारे वकील थोडे असतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी शेताच्या बांधावर उभे राहणारे मतदार पुष्कळ.

न्यू ऑर्लीन्सचा उल्लेख इथं टाळता येणार नाही, कारण प्रत्येक वादीच्या मनात तेच शहर होतं. २००५ मध्ये कत्रिना वादळानंतर पाण्यात बुडालेल्या त्या शहरात पोलीस प्रमुखांनी जाहीर केलं की शस्त्र फक्त पोलिसांजवळ राहील, बाकीच्यांची काढून घेतली जातील. घरांत शिरून बंदुका नेल्या गेल्या, आणि न्यायालयानं अडवेपर्यंत ते चाललं. पुढच्याच वर्षी काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, केंद्राच्या मदतकार्यात अशा जप्तीला मनाई करणारा कायदा केला. पण तो मुख्यतः केंद्राच्या यंत्रणेसाठी आणि केंद्राच्या पैशावर, हुकमावर काम करणाऱ्यांसाठी. एका गावच्या बर्फाच्या जाहीरनाम्यावर त्याचा इलाज नव्हता.

निकाल आला २९ मार्च २०१२ रोजी. न्यायाधीश माल्कम हॉवर्ड. त्यांनी सगळ्यात कडक कसोटी लावली: सरकारचा हेतू अत्यंत महत्त्वाचा हवा आणि त्यासाठी योजलेला उपाय अगदी बेतून शिवलेला हवा. हेतूबद्दल त्यांनी वाद घातला नाही. आणीबाणीत लोकांचा जीव सांभाळणं हा महत्त्वाचा हेतू आहेच. उपाय मात्र त्यांना ढगळ वाटला. हे कायदे धोकादायक माणसांना किंवा धोकादायक कृत्यांना वेचून काढत नाहीत, वेळ-जागा-रीत यांच्या वाजवी मर्यादा घालत नाहीत. संचारबंदीसारखं काही करून ठरावीक वेळात हक्क चालू ठेवण्याची सोयही त्यात नाही. सरसकट सगळ्यांना, आणि तेही स्वसंरक्षणाची गरज कदाचित सर्वांत जास्त असते त्या वेळी, निःशस्त्र करतात. म्हणून या वादींच्या बाबतीत ते घटनाबाह्य.

‘या वादींच्या बाबतीत’ हे शब्द महत्त्वाचे. न्यायाधीशांनी कायदा सगळ्या काळासाठी, सगळ्या प्रसंगांसाठी रद्द ठरवला नाही. ॲशव्हिलसारखी रात्र पुन्हा आली, रस्त्यावर दोन गट समोरासमोर आले आणि महापौरांनी त्या चार गल्ल्यांपुरती, त्या रात्रीपुरती शस्त्रबंदी केली तर? या निकालातून त्याचं थेट उत्तर मिळत नाही. मला विचाराल तर न्यायाधीशांनी दाखवलेली वाट पुरेशी स्पष्ट आहे: माणूस पाहा, जागा पाहा, तास मोजा. मुंबई उच्च न्यायालयानंही निवडणुकीच्या काळात परवानाधारकांकडून सरसकट शस्त्रं जमा करून घेण्याच्या पद्धतीबद्दल काहीसं असंच सुचवलं आहे. समितीनं प्रत्येक परवानाधारकाची छाननी करावी, ज्याच्यापासून भीती आहे त्याचंच शस्त्र जमा करावं. दोन्हीकडच्या हक्कांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे शस्त्र ही सवलत, तिकडे घटनेतला हक्क. तरी सरसकटपणाचा कंटाळा दोन्ही न्यायालयांना सारखाच.

विधिमंडळ मात्र न्यायालयाच्या पुढे गेलं. २०१२ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनानं आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा नव्यानं मांडला. तो १ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झाला. १९६९ च्या प्रकरणातलं ते आपोआप चालू होणारं कलम गेलं. गावांचे आणि काउंट्यांचे आणीबाणीचे अधिकार नव्या प्रकरणात आले: संचारबंदी, ये-जा, दुकानं, दारू, स्फोटकं, धोकादायक वस्तू. आणि शस्त्रांच्या उपकलमाच्या शेवटी एक वाक्य जोडलं गेलं, की कायदेशीररीत्या बाळगलेल्या बंदुकांवर वा दारूगोळ्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार यातून मिळत नाही.

इथं माझी तक्रार आहे. जुना कायदा विचार न करता बंदी घालायचा. नवा कायदा विचार न करता बंदीला बंदी घालतो. बर्फ आणि दंगल यांतला फरक १९६९ च्या मसुदाकारांना करता आला नाही, तसा २०१२ च्या मसुदाकारांनीही केला नाही. हॉवर्ड यांनी मधली वाट मोकळी ठेवली होती, विधिमंडळानं ती बुजवली. शिकारीच्या हंगामाचा हिशेब त्यांना न्यायाधीशांपेक्षा चांगला ठाऊक होता.

याचं चित्र पाहायला मिळालं मे २०२० मध्ये. कोविडची आणीबाणी चालू, आणि राज्याची राजधानी असलेल्या रॅली शहराच्या रस्त्यांवर काही माणसं उघडपणे बंदुका अडकवून फिरली. त्यातली काही सँडविचच्या दुकानात शिरली. एकाच्या पाठीवर रॉकेट लाँचरची निकामी नळी होती. ते छायाचित्र जगभर गाजलं. मोर्चा, मिरवणूक, अंत्ययात्रा, निदर्शनं यांत शस्त्र नेणं नॉर्थ कॅरोलायनात वेगळ्या कलमाखाली गुन्हा आहेच. त्यामुळे या मंडळींचा पवित्रा असा की हा मोर्चा नव्हेच, आम्ही पाय मोकळे करायला निघालोय. १९६९ चं कलम शिल्लक असतं तर सगळे फाटकाबाहेर पाऊल टाकताच गुन्हेगार ठरले असते, आणि गल्ल्यातली रक्कम घेऊन घरी निघालेला दुकानदारही त्यांच्याच रांगेत बसला असता.

विचारपूर्वक घातलेल्या बंदीचं काय होतं, हे न्यू मेक्सिकोत सप्टेंबर २०२३ मध्ये दिसलं. अल्बुकर्की शहरात बेसबॉलच्या मैदानाबाहेर अकरा वर्षांचा मुलगा गोळीबारात गेला. गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम यांनी बंदुकीच्या हिंसेला सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी ठरवलं आणि ठरावीक आकड्यांची कसोटी लावून तीस दिवस सार्वजनिक जागी, उघड वा लपवून, शस्त्र नेण्यावर बंदी घातली. कसोटी अशी बेतलेली की ती लागू झाली फक्त अल्बुकर्की आणि भोवतालच्या बर्नालियो काउंटीला. हे काम शहरानं केलं नाही यालाही कारण आहे: त्या राज्याच्या घटनेतच लिहिलं आहे की कुठल्याही नगरपालिकेनं वा काउंटीनं शस्त्राच्या हक्काचं कुठल्याही प्रकारे नियमन करू नये. म्हणजे किंगमध्ये गावानं घातलेली बंदी इथं राज्याला गावासाठी घालावी लागली. काउंटीचे शेरीफ (तिथले निवडून आलेले पोलीस प्रमुख) म्हणाले, हे घटनाबाह्य आहे, मी अंमल करणार नाही. शहराचे पोलीस प्रमुखही बाजूला झाले. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलांनी, जे गव्हर्नरांच्याच पक्षाचे, बचाव करायला नकार दिला. रविवारी ओल्ड टाउनच्या चौकात लोक मुद्दाम कमरेला पिस्तुलं लावून जमले. बंदी जाहीर झाली ८ तारखेला. १३ तारखेला फेडरल न्यायाधीश डेव्हिड उरियास यांनी तिला तात्पुरती स्थगिती दिली. दोन दिवसांनी गव्हर्नरांनी ती बागा आणि मुलांच्या खेळाच्या मैदानांपुरती आखडली, आणि त्या आखडलेल्या आदेशाला स्थगिती द्यायला उरियास यांनीच ऑक्टोबरमध्ये नकार दिला. माणूस, जागा, तास यांतली निदान जागा तरी आता नेमकी झाली होती.

किंगमध्ये पुन्हा बर्फ पडेल तेव्हा नगराध्यक्ष नव्या कायद्याखाली रस्ते बंद करू शकतात, संचारबंदी लावू शकतात, दारूची विक्री थांबवू शकतात. बंद दुकानासमोर कमरेला पिस्तूल लावून कुणी उभा असेल तर त्याला एवढंच सांगता येईल की संचारबंदी आहे, घरी जा.